शरीर मागून येतं

वास्को-द-गामाहून सुटणारी गोवा एक्स्प्रेस बेळगाव, मिरज, सातारा, पुणे करत दिल्लीला हजरत निजामुद्दीन स्थानकावर पोचते. ती जिथून सुटते त्या वास्कोत, हेडलँड सडा या समुद्राकडेच्या टेकाडावर, राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. भारताच्या अंटार्क्टिका मोहिमांची आखणी तिथूनच होते. पुढे मिरजेला आणि साताऱ्याला काळी ट्रंक आणि पाठीवर पिट्टू घेऊन जे फौजी डब्यात चढतात, त्यांतल्या अनेकांचा पुढचा पत्ता लेह, थॉइस, परतापूर किंवा सियाचिनवरची एखादी चौकी असा असतो.

सातारा-सांगलीला हा प्रवास नवा नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या नावाला 'मिलिटरी' हा शब्द कायमचा चिकटला आहे. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जण कामी आले. देशातली पहिली सैनिकी शाळा १९६१ साली साताऱ्यातच सुरू झाली. माण, खटाव, आटपाडी, जत या कोरड्या तालुक्यांत पावसापेक्षा भरतीवर भरवसा ठेवणारी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. या घरांतला मुलगा लेहला निघतो तेव्हा गाडीचे दीड-दोन दिवस जातात, मग चंदीगडहून विमानाचा तासभर. मात्र लेहला उतरल्यावर त्याला सहा दिवस काहीच काम दिलं जात नाही. घरच्यांना याचं नवल वाटतं. पोरगं तालमीतलं, रोज दहा किलोमीटर पळणारं. त्याला बसवून कशाला ठेवलं? या प्रकरणात त्याचंच उत्तर शोधायचं आहे, आणि ते शोधताना आपल्याला दक्षिण ध्रुवापर्यंत जाऊन यावं लागेल.

आधी हवेचा हिशेब. आपल्या डोक्यावर हवेचा थर असतो आणि त्याला वजन असतं. गोधड्यांची चळत डोळ्यांपुढे आणा: सगळ्यांत खालची गोधडी वरच्या साऱ्यांच्या भाराने दबून पातळ, घट्ट झालेली असते आणि वरची फुगीर, सैल असते. हवेचंही तसंच. समुद्रकाठी ती सगळ्यांत दाट, आणि वर जाल तशी विरळ. हवेत प्राणवायूचा वाटा मात्र सगळीकडे सारखाच, सुमारे २१ टक्के. म्हणजे उंचावर 'प्राणवायू कमी' असतो याचा खरा अर्थ एवढाच की तिथे सगळीच हवा कमी असते, आणि फुप्फुसातून रक्तात प्राणवायू ढकलणारा दाब त्या प्रमाणात घटतो.

सांगली समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या ९४ टक्क्यांच्या आसपास भरतो. सातारा थोडं वर, तिथे थोडा कमी. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरवर, दाब सुमारे ८५ टक्के. एवढा फरक शरीर सहज पचवतं. सुट्टीत महाबळेश्वरला गेलेल्या सांगलीकराला थंडी जाणवते, हवेतला हा फरक जाणवत नाही. राज्यातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, तेही १,६४६ मीटर. म्हणजे महाराष्ट्रात कुठेही गेलं तरी विरळ हवेची खरी ओळख होतच नाही. लेहचा विमानतळ आहे ३,२५६ मीटरवर, आणि तिथे हवेचा दाब उरतो समुद्रकाठच्या दोन तृतीयांश. सियाचिनवरच्या सहा हजार मीटरजवळच्या चौक्यांवर तो निम्म्याहूनही खाली जातो.

आता ध्रुवाकडे वळू. ध्रुव म्हटलं की डोळ्यांपुढे थंडी येते, उंची येत नाही. उत्तर ध्रुवाच्या बाबतीत ते बरोबरच आहे, कारण तिथे गोठलेला समुद्र आहे. भारताचं 'हिमाद्री' हे केंद्र २००८ साली स्वालबार्डमधल्या न्यू-ओलेसुंड या गावी सुरू झालं, तेही समुद्राच्या काठीच. अंटार्क्टिका मात्र जगातला सर्वांत उंच खंड आहे. बर्फ धरून त्याची सरासरी उंची दोन हजार मीटरच्या पुढे जाते. तरी त्याचा काठ वेगळा आणि पोट वेगळं, ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी.

काठाची ओळख आपल्याला औंधच्या एका लेकीने करून दिली आहे. औंध संस्थानचा मुलूख सलग नव्हता: मुख्य गाव आजच्या सातारा जिल्ह्यात, तर आटपाडी आणि कुंडल हे तुकडे आजच्या सांगली जिल्ह्यात. तिथल्या पंतप्रतिनिधींची नात डॉ. अदिती पंत गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत काम करत होत्या. डिसेंबर १९८३ मध्ये डॉ. हर्ष गुप्ता यांच्या नेतृत्वाखाली भारताची तिसरी अंटार्क्टिका मोहीम 'फिनपोलारिस' या जहाजातून गोव्याहून निघाली. तीत अदिती पंत आणि भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता या दोघी होत्या. भारताच्या अंटार्क्टिका मोहिमेत सामील झालेल्या या पहिल्या महिला शास्त्रज्ञ. त्याच मोहिमेत 'दक्षिण गंगोत्री' हे भारताचं पहिलं कायमस्वरूपी केंद्र उभं राहिलं आणि बारा जणांची तुकडी पहिल्यांदाच तिथे हिवाळाभर राहिली. अदिती पंत यांचा विषय होता तिथल्या समुद्रातली जीवसृष्टी आणि अन्नसाखळी. पुढे पाचव्या मोहिमेतही त्या गेल्या.

त्या काळी केंद्रावर जायचं म्हणजे आठवडेच्या आठवडे जहाज, मग बर्फाच्या काठावरून हेलिकॉप्टर. थंडी, वादळं, एकटेपण यांचा सारा कस तिथे लागायचा. हवा मात्र दाट होती, कारण दक्षिण गंगोत्री समुद्रावर पसरलेल्या हिमस्तरावरच होतं. पुढे ते बर्फाखाली गेलं आणि त्याची जागा घेणारं 'मैत्री' केंद्र शिर्माकर ओॲसिसच्या खडकाळ भागात उभारलं गेलं; तेही समुद्रसपाटीपासून जेमतेम शे-सव्वाशे मीटर. आता केपटाऊनहून मोठं मालवाहू विमान सुमारे सहा तासांत नोवोलाझारेव्स्काया या रशियन केंद्राजवळच्या बर्फाच्या धावपट्टीवर उतरतं आणि मैत्री तिथून जवळच आहे. जहाजाचे आठवडे वाचले, तरी उंची न वाढल्यामुळे या झटपट प्रवासाने छातीवर ताण येत नाही.

पोटातल्या अंटार्क्टिकाची गोष्ट निराळी. दक्षिण ध्रुवावरचं अमेरिकेचं अमुंडसेन-स्कॉट केंद्र २,८३५ मीटरवर आहे. तिथे जाणारे लोक समुद्राच्या पातळीवरच्या मॅकमर्डो केंद्रातून स्की लावलेल्या हर्क्युलिस विमानात बसतात आणि तीनेक तासांत ध्रुवावर उतरतात. आता खुद्द आकडा पाहून वाटेल, ही लेहपेक्षा चारशे मीटर कमी उंची आहे, म्हणजे त्रासही कमी. पण ध्रुवावरचा हवेचा सरासरी दाब मोजला तर तो सुमारे ६८१ हेक्टोपास्कल भरतो. समुद्रकाठी तो १,०१३ असतो. म्हणजे तिथेही उरते दोन तृतीयांशच हवा, जवळजवळ लेहच्या विमानतळाइतकी. शरीराच्या लेखी दक्षिण ध्रुव २,८३५ मीटरवर नाही. तो सव्वातीन हजार मीटरवर आहे. वारा-वादळ फिरून दाब आणखी खाली गेला की एकाच जागी उभ्या माणसाला आपण अजून वर चढल्यासारखं होतं.

याचं कारण थंडीतच आहे. थंड हवा आकसते, जड होते आणि जमिनीलगत दाटीने बसते. त्यामुळे थोडं वर गेलं तरी आपल्याखाली जास्त हवा राहते आणि आपल्यावर कमी. विषुववृत्ताजवळ, जिथे हवा तापून फुगलेली असते, तिथे हवामानाचा थर सोळा-सतरा किलोमीटर उंच जातो. ध्रुवांवर तो आठ-नऊ किलोमीटरमध्येच संपतो. गोधड्या तितक्याच, पण थंडीने चेपून चळत बुटकी झालेली. म्हणून तेवढ्याच उंचीवर ध्रुवाकडचा माणूस चळतीच्या माथ्याला जास्त जवळ असतो.

हाच नियम उलट्या अंगाने एव्हरेस्टला लागू होतो, आणि मला तो भाग फार विलक्षण वाटतो. २४ ऑक्टोबर १९८१ रोजी ख्रिस पिझो या अमेरिकन डॉक्टरने एव्हरेस्टच्या माथ्यावर हवेचा दाब प्रत्यक्ष मोजला. तो निघाला पाऱ्याचे २५३ मिलिमीटर. सर्वसाधारण कोष्टकानुसार तो २३६ च्या आसपास असायला हवा होता. सतरा मिलिमीटरचा हा फरक किरकोळ वाटेल, पण त्या उंचीवर जगणं आणि न जगणं तेवढ्यातच ठरतं. एव्हरेस्ट २८ अक्षांशावर, बऱ्यापैकी उष्ण कटिबंधाजवळ असल्यामुळे त्याच्यावर जास्त हवा आहे. त्या मोहिमेचे प्रमुख जॉन वेस्ट यांनी पुढे दाखवून दिलं की हेच शिखर ध्रुवाजवळ असतं तर प्राणवायूच्या नळकांड्याशिवाय कुणालाही त्यावर पोचता आलं नसतं.

भारतीयही ध्रुवापर्यंत गेले आहेत, आणि त्यांनी निवडलेली वाट आपल्या विषयाला धरून आहे. डॉ. रसिक रवींद्र यांच्या नेतृत्वाखाली आठ जणांचं पथक १३ नोव्हेंबर २०१० रोजी मैत्रीहून बर्फावर चालणाऱ्या खास गाड्यांतून निघालं आणि २२ नोव्हेंबरला दक्षिण ध्रुवावर पोचलं. जाता जाता बर्फाचे नमुने घ्यायचे होते म्हणून रस्ता धरला होता. पण त्यामुळे समुद्रसपाटीपासून पठाराच्या माथ्यापर्यंतची चढण नऊ-दहा दिवसांत विभागली गेली. विमानाने तीन तासांत येणाऱ्याला ही चैन मिळत नाही. अमेरिकेच्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी ध्रुवावर विमानाने येणाऱ्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला, तेव्हा निम्म्याच्या आसपास लोकांना उंचीचा त्रास झालेला आढळला. ही सगळी माणसं वैद्यकीय चाचण्या पार करून आलेली, धडधाकट होती.

मग शरीराला नेमकं होतं तरी काय? विमान लेहला उतरतंय असं समजा. प्रवाशांच्या कक्षात हवेचा दाब राखलेला असतो, साधारण दोन हजार मीटर उंचीवर असावा तेवढा. लेहसारख्या ठिकाणी उतरताना मोठी गंमत होते: विमान खाली येत असतं आणि आतली हवा मात्र विरळ करत नेलेली असते, कारण दार उघडताना आतला आणि बाहेरचा दाब सारखा लागतो. दार उघडलं की नव्या हवेची पहिली बातमी मानेतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांपाशी असलेल्या इवल्या गाठींना लागते. रक्तातला प्राणवायू घटला हे त्या ओळखतात आणि मेंदूला कळवतात: श्वास वाढव. श्वास वाढतो, नाडी जलद होते. इथवर सगळं ठीक.

अडचण पुढे येते. भराभर श्वास घेतल्याने कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो आणि रक्त अल्कधर्मी होऊ लागतं. मेंदूला ते खपत नाही. तो श्वासाला लगाम घालतो. एकीकडून 'वाढव' आणि दुसरीकडून 'थांबव' असे दोन हुकूम सुटतात. झोपेत हा झगडा उघडा पडतो. माणूस चार-पाच खोल श्वास घेतो, मग श्वास थांबतो, काही सेकंद काहीच नाही, आणि मग तो दचकून मोठ्याने धाप टाकतो. शेजारच्या खाटेवरचा नवखा असेल तर घाबरून उठतो. या पहिल्या रात्री बहुतेकांना झोप लागत नाही ती यामुळे. डोकं ठणकतं, अन्न नकोसं होतं, मळमळतं. घरून फोन येतो, "जेवलास का रं?" आणि तो "हो, जेवलो" म्हणून सांगतो; ताट मात्र तसंच असतं.

तोडगा काढतात मूत्रपिंडं, आणि ती घाईत काम करत नाहीत. रक्तातला जादा अल्कधर्मी भाग लघवीवाटे टाकायला त्यांना दोन ते चार दिवस लागतात. तो टाकला गेला की मेंदूचा लगाम सैल होतो आणि श्वास मोकळेपणाने वाढू शकतो. डायमॉक्स नावाची गोळी डॉक्टर देतात ती मूत्रपिंडांच्या याच कामाला हातभार लावते. ती शरीराचे दिवस कमी करते, रद्द करत नाही. तांबड्या पेशी वाढवण्याचा संदेश काही तासांतच सुटतो, पण पेशी खरोखर वाढायला आठवडे जातात. फौजेतले सहा दिवस म्हणजे मूत्रपिंडांना दिलेली ही मुदत आहे.

ती मुदत न दिल्याने काय होतं, हे आपलं लष्कर फार मोठी किंमत देऊन शिकलं. २४ मे १९४८ रोजी एअर कमोडोर मेहर सिंग यांनी लेहच्या नदीकाठच्या वाळूत आखलेल्या कच्च्या धावपट्टीवर पहिल्यांदा डाकोटा उतरवलं; सोबत जनरल थिमय्या होते. त्या विमानात दाब राखण्याची कसलीही सोय नव्हती. लेह वाचलं ते या हवाई पुलामुळे. पण मैदानातला माणूस एका सकाळीत तीन-साडेतीन हजार मीटरवर नेऊन ठेवण्याची वाटही त्याच दिवशी खुली झाली. १९६२ च्या चीन युद्धाच्या वेळी आणि त्यानंतर हजारो जवान असे विमानाने वर नेले गेले. दोन-तीन दिवसांत त्यांतल्या काहींना कोरडा खोकला सुरू व्हायचा, बसल्या जागी धाप लागायची, ओठ निळे पडायचे, छातीत बुडबुडल्यासारखा आवाज यायचा. शेवटी गुलाबी फेस. आधीच्या काळात जगभरचे डॉक्टर याला न्यूमोनिया समजत. अमेरिकेच्या चार्ल्स ह्यूस्टन यांनी १९६० साली हा फुप्फुसात पाणी साचण्याचा वेगळाच आजार असल्याचं मांडलं. त्यावरचं मोठं काम आपल्याकडे झालं: लेहच्या लष्करी रुग्णालयातल्या मेनन यांनी १९६५ मध्ये १०१ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, आणि १९६९ मध्ये इंदर सिंग व सहकाऱ्यांनी १,९२५ जवानांवरचा अभ्यास मांडला. उंचीच्या आजारांवर आजही जगात कुठेही लिहिलं गेलं तरी हे दोन भारतीय निबंध टाळून पुढे जाता येत नाही. त्यांत ज्यांची नावं नाहीत त्या जवानांचं ऋण मोठं आहे.

या आजाराला फौजी 'हापो' म्हणतात. प्राणवायू कमी पडला की फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या आकसतात. सगळ्या सारख्या आकसल्या तर निभावतं. पण काहींत त्या कुठे जास्त, कुठे कमी आकसतात. मग जिथे वाट मोकळी राहिली तिथे रक्ताचा सगळा लोंढा घुसतो, तिथल्या नाजूक केशवाहिन्या ताणून झिरपू लागतात आणि हवेच्या पिशव्यांत पाणी भरतं. व्यायाम केला की हा लोंढा वाढतो. म्हणून पहिले दोन दिवस विश्रांती. आणि म्हणूनच पैलवानकीचा इथे उपयोग होत नाही. हिंदकेसरी मारुती मानेंच्या सांगली जिल्ह्यात हे पटवून देणं कठीण जातं, पण दंड-बैठकांनी घडलेली छाती आणि फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांचा स्वभाव यांचा संबंध नाही. उलट तगड्या पोरालाच धोका जास्त, कारण डोकं दुखत असताना तो सांगत नाही आणि दुसऱ्याच दिवशी पळायला निघतो.

औंधच्या घराण्याने सूर्यनमस्कार महाराष्ट्राच्या घराघरांत नेले. त्या नमस्कारांत श्वासाची शिस्त आहे आणि ती मोलाची आहे. पण त्याच घरातल्या अप्पासाहेब पंतांनी, म्हणजे अदिती पंतांच्या वडिलांनी, हिमालयातली उंची गाठली ती सावकाशीने. १९५५ ते १९६१ या काळात ते सिक्कीममध्ये भारताचे राजकीय अधिकारी होते. सप्टेंबर १९५८ मध्ये पंडित नेहरू भूतानला निघाले तेव्हा अप्पासाहेब सोबत होते. गंगटोक सुमारे १,६५० मीटरवर, आणि वाटेतली नाथू ला खिंड ४,३१० मीटरवर. नेहरूंचं वय तेव्हा ६८. घोडे, याक आणि पायी असा तो मार्ग मुक्काम करत करत कापला गेला. त्या वयाच्या माणसाला तेवढ्या उंचीवर त्याच दिवशी विमानाने नेऊन सोडलं असतं, तर डॉक्टरांच्या छातीत धडकी भरली असती.

आजही उंची जिंकणारे ही सावकाशीच पाळतात. साताऱ्याची प्रियांका मोहिते २०१३ साली एव्हरेस्टवर पोचली. मग २०१८ मध्ये ल्होत्से, २०१९ मध्ये मकालू, १६ एप्रिल २०२१ रोजी अन्नपूर्णा आणि ५ मे २०२२ रोजी कांचनजुंगा. आठ हजार मीटरवरची पाच शिखरं सर करणारी ती पहिली भारतीय महिला. एव्हरेस्टच्या मोहिमेत काठमांडूहून लुक्लापर्यंत विमान असतं, पण ते २,८६० मीटरवर सोडतं. तिथून तळछावणी चांगली अडीच हजार मीटर वर, आणि ती वाट आठ-दहा दिवस चालून पार करायची. पुढेही गिर्यारोहक वरच्या छावणीला जातात आणि झोपायला खाली येतात, पुन्हा वर जातात, पुन्हा खाली. दिवसा उंच चढा, रात्री खाली झोपा: डोंगरातला हा जुना कायदा आहे, कारण झोपेतच श्वास मंदावतो आणि शरीर उघडं पडतं. तीन हजार मीटरच्या वर रोजच्या मुक्कामाची उंची तीनशे ते पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असं डॉक्टर सांगतात.

लष्कराने हा कायदा दिवसांत बांधला आहे. नऊ ते बारा हजार फुटांच्या टप्प्यावर सहा दिवस: पहिले दोन विश्रांती, पुढचे दोन सपाटीवर सावकाश चालणं, शेवटचे दोन थोडी चढण. बारा ते पंधरा हजारांवर आणखी चार दिवस. पंधरा हजारांच्या वर पुन्हा चार. लेहला उतरलेला सातारचा जवान सियाचिनच्या वरच्या चौकीवर जाण्यालायक व्हायला निदान दोन आठवडे लागतात. बर्फावरचं प्रशिक्षण त्याखेरीज.

या सगळ्यावर नजर ठेवणारा माणूस म्हणजे नर्सिंग असिस्टंट. चौकीवर डॉक्टर असेलच असं नाही, तो असतो. सकाळी प्रत्येकाच्या बोटाला चिमटा लावून रक्तातला प्राणवायू मोजायचा. कोण जेवला नाही, कोण गप्प झाला, कोण रात्रभर खोकत होता, हे टिपायचं. शंका आली की माणसाला सरळ रेषेत, टाचेला अंगठा लावत चालायला सांगायचं. तोल गेला तर समजायचं की सूज मेंदूपर्यंत पोचली; मग प्राणवायू लावून, मिळेल त्या हेलिकॉप्टरने त्याला खाली धाडायचं. खाली उतरवणं हेच मुख्य औषध. काही शे मीटर उतरलं तरी माणूस डोळे उघडतो.

शिपाई सुनील सूर्यवंशी हे असेच नर्सिंग असिस्टंट होते, माण तालुक्यातल्या मस्करवाडीचे. १९,६०० फुटांवरच्या सोनम चौकीवर ते १९ मद्रास बटालियनच्या जवानांसोबत होते. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी बर्फाची प्रचंड भिंत चौकीवर कोसळली आणि दहाही जण गाडले गेले. सहा दिवसांनी लान्स नायक हणमंतप्पा कोप्पड जिवंत सापडले. ११ फेब्रुवारीला दिल्लीत त्यांनीही प्राण सोडला. विरळ हवेशी शरीर जुळवून घेतं, कोसळत्या बर्फाशी नाही. पण त्याआधीच्या प्रत्येक सकाळी त्या चौकीवरची माणसं धडधाकट उभी होती, यात सूर्यवंशींसारख्यांच्या कामाचा वाटा होता, आणि त्यांचं नाव घेताना तो सांगितला जायला हवा.

एक गोष्ट घरच्यांना माहीत असलेली बरी. सुट्टीवर आलेला जवान महिनाभर गावी राहिला की वर कमावलेलं सगळं ओसरतं. वाढलेल्या तांबड्या पेशी कमी होतात, श्वास जुन्या लयीवर येतो. तो परत जातो तेव्हा शरीराच्या दृष्टीने नवखाच असतो. लेह-लडाखमध्ये आणि पेरूच्या अँडीज पर्वतात हे दिसून आलं आहे की अशा परतणाऱ्यांनाही हापो गाठतो. म्हणून चार आठवड्यांहून जास्त खाली राहिलेल्याला पुन्हा पूर्ण सहा दिवस, आणि दहा दिवस ते चार आठवडे राहिलेल्याला चार दिवस थांबवतात. दहा वर्षं सियाचिनमध्ये काढलेल्या सुभेदारालाही हा नियम लागू असतो. वास्कोच्या केंद्रातले हिमनदी-अभ्यासक २०१६ पासून स्पितीतल्या 'हिमांश' केंद्रावर जातात, साडेतेरा हजार फुटांवर. समुद्राकाठून निघालेल्या त्या माणसांनाही हीच शिस्त पाळावी लागते.

आता सांगली, मिरज, कराडहून लडाखच्या सहली निघतात. पुणे किंवा मुंबईहून पहाटेचं विमान, दुपारी लेहमध्ये जेवण, आणि दुसऱ्या दिवशी खारदुंग ला. ती खिंड ५,३५९ मीटरवर आहे. फौजेने सहा अधिक चार दिवस ज्यासाठी राखले, ते इथे चोवीस तासांत उरकतात, आणि गाडीत साठीचे आजी-आजोबाही असतात. ज्यांना वेळ आहे त्यांनी श्रीनगर-कारगिल-लेह या रस्त्याने जावं; श्रीनगर १,५८५ मीटरवर, कारगिल २,६७६ मीटरवर, आणि दोन्हीकडे एकेक रात्र काढली की लेहला शरीर बरंच तयार होऊन पोचतं. मनालीकडून जाणारी वाट दिसायला सुंदर, पण तीवर सरचूसारखा मुक्काम ४,२९० मीटरवर पडतो आणि तिथेच अनेकांची रात्र वाईट जाते. विमानानेच जायचं असेल तर पहिले दोन दिवस हॉटेलातच राहा, पाणी प्या, दारू आणि झोपेच्या गोळ्या टाळा. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असेल तर निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा. डायमॉक्सही त्यांच्याच सल्ल्याने घ्या. खारदुंग ला पाचव्या दिवसावर ढकला, वर अर्ध्या तासाहून जास्त थांबू नका, आणि कुणाचं डोकं गोळी घेऊनही थांबत नसेल, बसल्या जागी धाप लागत असेल किंवा चालताना झोक जात असेल, तर सहलीचा बेत मोडून त्याच दिवशी त्याला रुग्णालयात न्या आणि खाली उतरवा.